आधी पिशवी उघडा

कळंबच्या बाजारात माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाचं नाव मला एखादवेळी आठवत नाही, त्याच्या गोळ्या मात्र आठवतात. कोण शुगरचा, कोण बीपीचा, कुणाच्या सुनेला थायरॉइड, हे सगळं चिठ्ठीवरून कळत जातं. चिठ्ठ्या वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. कंपवात झालाय, विसरायचा आजार लागलाय, मेंदू सुकत चाललाय असं सांगत येणारी जी घरं असतात, त्यांतल्या काही घरांतल्या म्हाताऱ्याला तो आजार नसतोच. आजाराचं ते सोंग औषधानं आणलेलं असतं. माझे थोरले चुलते, तात्या, त्यातलेच. मी डॉक्टर नाही, डी. फार्म. झालेला दुकानदार आहे. काउंटरच्या या बाजूनं जेवढं दिसलं तेवढं लिहितो.

१. एका हंगामात आलेलं म्हातारपण खरं मानू नका.

तात्यांची शेती येरमाळ्याच्या शिवारात. सत्तरी ओलांडलेला गडी, पण बांधावरून निघाले की आम्ही पोरं मागं पडायचो. हा माणूस एकाएकी हळू झाला. चहाची बशी तोंडापर्यंत न्यायला वेळ लागायचा, सदऱ्याची बटणं लागंनात. पावलं जमिनीला घासायला लागली, वळायचं म्हटलं की बारकी बारकी पाच-सहा पावलं टाकून वळायचे. आवाज खाली गेला. तोंडावर ना राग, ना हसू. काकू म्हणायची, "घरात कोण आलंय, कोण गेलंय, ह्यांच्या तोंडावरून कळंनाच गेलंय." येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत दरवर्षी चुन्याचे खडे वेचणारे तात्या त्या वर्षी वाकले आणि उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. भावकीनं निकाल दिला: वय झालं.

वय काय तीन महिन्यांत होतं?

२. तारीख विचारू नका, सण विचारा.

"कधीपासून?" असं डॉक्टरांनी विचारलं की घरचे म्हणतात, "झालं की लई दिवस." यातून काही हाती लागत नाही. आमच्याकडं लोकांचं वर्ष सणांवर टांगलेलं असतं, म्हणून मी काकूला विचारलं, "येळवसेला कसे होते?" ती म्हणाली, येळवसेला आंबिलीचं बिंदगं स्वतः डोक्यावर घेऊन रानात गेले, कोप बांधली, पांडव पूजले, पाहुण्यांना आग्रह करकरून भज्जी वाढली. म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावास्येला माणूस धडधाकट. संक्रांतीनंतर पोट फुगायला लागलं म्हणून गॅसच्या कॅप्सूल सुरू झाल्या, त्या रोज एक, उपाशीपोटी. महाशिवरात्रीला पाय जड. चैत्रात यात्रेतला प्रकार.

एवढं कागदावर ओळीनं मांडलं, तेव्हा माझं लक्ष मेंदूवरून पोटाच्या गोळीकडं गेलं. औषधानं येणारा कंपवात बहुतेकांत औषध सुरू झाल्यापासून काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत उभा राहतो. काही औषधं मात्र वर्षभर गप्प राहून मग दाखवतात, म्हणून "ती गोळी तर कधीची चालूय" हे उत्तर ऐकून विषय सोडू नये.

३. पोटाची गोळी मेंदूत जाते.

हे गिऱ्हाइकाला पटत नाही. पोटासाठी घेतलेली गोळी पोटातच राहणार, असा सगळ्यांचा समज. तात्यांच्या कॅप्सूलमध्ये दोन औषधं होती. एक आम्ल कमी करणारं रॅबेप्रॅझोल, त्याचा इथं दोष नाही. दुसरं लेव्होसल्पिराइड, ७५ मिलिग्रॅम, दिवसभर हळूहळू सुटणारं. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीनं दिलेलं नाव असतं, त्याला शेवटी एक छोटं अक्षर जोडलेलं, आणि हे दुसरं औषध खाली बारीक टाइपात. गिऱ्हाईक त्याला "गॅसची गोळी" म्हणतं आणि साध्या गॅसच्या गोळीच्या हिशेबानं वर्षानुवर्षं घेतं. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं पाकिटावर छापलेलं असतं, तरी लोक अर्धी कापलेली स्ट्रिप घेऊन येतात, "हीच द्या." बहुतेक वेळा नाव आणि एक्स्पायरी कापून टाकलेल्या अर्ध्या भागावर असते, तो भाग घरी.

लेव्होसल्पिराइड हे मूळचं मानसिक आजारावरच्या औषधांच्या कुळातलं. डोपामिन नावाचं जे रसायन मेंदूत हालचालींचा कारभार बघतं, त्याचं काम ते अडवतं. आतड्यात अडवलं की पोट लवकर रिकामं होतं, माणसाला हलकं वाटतं. मेंदूत अडवलं की हातपाय जड.

शेतकऱ्याला सांगायचं तर असं सांगतो. खऱ्या कंपवातात विहीरच आटलेली असते, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. औषधाच्या कंपवातात विहीर भरलेली, फक्त वाफ्यात पाणी सोडायचं दार कुणीतरी मातीनं बुजवलेलं. वाफा दोन्हीकडं सुकतो, आणि बांधावर उभं राहून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

कुळातली बाकीची नावंही माहीत असावीत. मेटोक्लोप्रामाइड, ओकारी थांबवणारं. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ साली ते पाच दिवसांपेक्षा जास्त देऊ नये असं ठरवलं. अमेरिकेनं त्याआधी, २००९ मध्ये, त्याच्या माहितीपत्रावर काळ्या चौकटीतला इशारा घातला होता: तोंडाच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली कायमच्या राहू शकतात, १२ आठवड्यांपुढे घेऊ नका. आपल्याकडं ही गोळी सुट्टी दिवाळी न पाळता चालते. त्या मानानं डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून खऱ्या कंपवाताच्या रुग्णाला ओकारी होत असेल तर तज्ज्ञ बहुधा तेच निवडतात. तेही हृदयाच्या ठोक्यांकडं बघून.

आणि ज्यांना खरंच कंपवात आहे, त्यांच्या घरात ही कॅप्सूल आली तर आटत चाललेल्या विहिरीचं दारही बंद. आजार अचानक वाढला असं वाटतं, डॉक्टर डोस वाढवतात.

४. गोळीमागं गोळी लागते तेव्हा थांबा.

तात्यांना माझ्या थोरल्या चुलतभावानं शहरात नेलं. तिथं कंपवात म्हणून सांगितलं आणि उपचार सुरू झाले. मला त्या डॉक्टरांवर दोष टाकायचा नाही. समोर आलेला माणूस हुबेहूब कंपवाताचा होता, आणि गॅसच्या कॅप्सूलचा कुणी उल्लेखच केला नव्हता. ती काय सांगायची गोष्ट आहे?

लेव्होडोपा सुरू झालं, म्हणजे भरल्या विहिरीत टँकरचं पाणी. फरक पडला नाही, मळमळ मात्र सुटली. मळमळीला पुन्हा पोटाची गोळी. सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल होतं, ते कंप कमी करतं पण म्हाताऱ्या मेंदूला भ्रम करतं. तात्यांचं तोंड कोरडं पडलं, लघवी अडायला लागली, संडासला साफ होईना म्हणून एक चूर्ण आलं. मग एका रात्री ते काकूला म्हणाले की अंगणात सर्जा उभा आहे, त्याला पेंड टाक. सर्जा बैल जाऊन वर्षं झाली होती. सकाळी घरात नवीन शब्द आला: डिमेन्शिया. झोपेची गोळी आली ती त्याच आठवड्यात.

बघा, एक कॅप्सूल होती, तिच्यामागं आणखी पाच औषधं लागली आणि एका आजाराचे दोन झाले. इंग्रजी वैद्यकीय लिखाणात या साखळीवर बरंच काम झालंय. १९९५ साली अमेरिकेतल्या जेरी एव्हॉर्न, जेरी गुरविट्झ आणि सहकाऱ्यांनी सरकारी योजनेतल्या वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या. मेटोक्लोप्रामाइड घेणाऱ्यांना कंपवाताचं औषध सुरू होण्याची शक्यता न घेणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाली. तिकडं नोंदी होत्या म्हणून कळलं.

५. चक्करची गोळी दोन-चार दिवसांची पाहुणी असते.

मुक्काम ठोकला की त्रास. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही नावं बघा. शेवटची दोन औषधं कंपवात आणतात हे १९८० च्या दशकात स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. अर्धशिशीला दिलेलं फ्लुनारिझिन डोकं दुखायचं थांबल्यावरही चालू राहिलेलं मी पाहतो. चिठ्ठीवर "पंधरा दिवस" लिहिलेलं असतं, पण चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवणारे लोक आहेत आपल्याकडं.

६. विसरणाऱ्या माणसाचं रक्त आधी तपासा.

स्मृती जाते तेव्हा घरच्यांना एमआरआय हवा असतो. मला वाटतं, आधी दोन साध्या तपासण्या कराव्यात.

पहिली सोडियम. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी जास्त करणारं औषध मिसळलेलं असतं: हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड. त्यात बीपी म्हणून घरात मीठ तोडलेलं, त्यात आमच्याकडचा एप्रिल-मे, घामाच्या धारा आणि वरून नुसतं पाणी. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ हवं, ते १२० च्या आसपास आलं की म्हातारी बाई भाकरी तव्यावर टाकून विसरते, लेकीला बहीण म्हणते, तोल जाऊन पडते. डिप्रेशनच्या काही गोळ्याही हेच करतात. सोडियम हळूहळू भरून आणलं की तीच बाई दवाखान्यातून जावयाची चौकशी करत घरी येते. ते घाईनं भरलं तर मेंदूला इजा होते, म्हणून हे काम दवाखान्यातच व्हायचं. घरी मिठाचं पाणी पाजून नाही.

दुसरी बी-१२. शुगरचं मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणारी गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ अंगात नीट शिरत नाही. त्यातून माणूस माळकरी असेल तर आधीच ताटात कमी. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, चिडणं. तपासणी स्वस्त नाही, पण एमआरआयपुढं काहीच नाही.

मग खाज-सर्दीच्या फेनिरामाइन, क्लोरफेनिरामाइनसारख्या गोळ्या, पोटाच्या कळेचं डायसायक्लोमिन, वारंवार लघवीवरचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेला दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन. एकेक सुटं घेतलं तर तरुणाला चालून जातं. म्हाताऱ्याच्या पोटात तीन एकत्र गेली की गोंधळ उडतो. अमेरिकेतले डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना टाळावीत अशा औषधांची यादी केली. ती आजही सुधारून निघते आणि यातली बहुतेक नावं तिच्यात सापडतात.

७. फेफऱ्याचा माणूस झोकांड्या खात असेल तर लगेच दारूचा संशय घेऊ नका.

फेफऱ्यावरच्या फेनिटॉइनचं असं आहे की एका मर्यादेपुढं डोस थोडा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. डोळे थरथरतात, जीभ जड होते, चाल फाकते. लहान मेंदू झिजल्यासारखं दिसतं. व्हॅल्प्रोएटनं हात कापतात, क्वचित माणूस मंद आणि विसराळू होतो, आणि ते बदलल्यावर सुधारतो. दोन्हीची पातळी रक्तातून मोजता येते. दारुड्या ठरवून गावात कुणाचं लग्न मोडण्याआधी ती मोजावी.

८. झाडपाल्याला निर्धोक समजू नका.

या बोलाचा मोठा पुरावा आपल्या मुंबईत आहे. सर्पगंधेचं मूळ वेड आणि झोपेवर पूर्वापार वापरात होतं. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यानं रक्तदाबही उतरतो असं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, आणि जगाचं लक्ष या मुळाकडं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं. बीपीवरचं ते त्या काळातलं मोठं औषध. जुन्या लोकांना ॲडेल्फेन हे नाव आठवत असेल, त्यात रिसर्पिनच होतं.

मग दिसायला लागलं की रिसर्पिन घेणारी काही माणसं उदास होतात, काही ताठतात, कापतात, कंपवातासारखी. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं, ससे निपचित पडले. मग लेव्होडोपाचं इंजेक्शन दिलं, ससे उठले. हे १९५७ साल. सर्पगंधा दार बुजवत नाही, विहीरच उपसते, हे यातून पुढं उलगडलं आणि कंपवाताचं आजचं औषध त्याच वाटेनं आलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. योगायोग असा की त्याच १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या जोडीला होते मानसिक आजारावरचं क्लोरप्रोमाझिन रुजवणारे लाबोरी, डेनिकर आणि लेहमन. म्हणजे कंपवाताची नक्कल करणारी दोन पहिली औषधं एकाच मंचावर गौरवली गेली. दोन्ही औषधांनी लाखो माणसं वाचवली, हेही तितकंच खरं.

उलटी गोष्टही आहे. खाजकुयलीच्या बियांत खरंच लेव्होडोपा असतं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ मध्ये वेगळं काढून दाखवलं होतं. म्हणून कंपवाताची गोळी चालू असताना कुणी त्या बियांचं चूर्ण देत असेल तर डोस वाढतोय, हे डॉक्टरांना कळायला हवं. "ते आयुर्वेदिक आहे हो" म्हणून चिठ्ठीत न लिहिलेली पुडीच मी आधी मागतो.

९. वाचून गोळी बंद करायची नाही.

हा लेख वाचून कुणी आजोबांची सगळी औषधं उकिरड्यावर फेकली तर माझं लिहिणं वाया गेलं. फिटची गोळी एकदम तोडली की फिट येते. झोपेची गोळी वर्षभर घेतलेल्यानं अचानक सोडली तरी फिट येऊ शकते. लेव्होडोपा झटक्यात थांबवलं तर ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेततं. मानसिक आजाराची औषधंही कंपवात आणतात, पण ती बंद केल्यावर मूळ आजार उसळतो. तिथं औषध बदलायचं का, कमी करायचं का, हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. दुकानदारानं शंका काढावी, निर्णय काढू नये.

१०. माणूस परत येतो, पण बैलगाडीनं नव्हे, पायी.

तात्यांची पिशवी मी खाटेवर उलटी केली. प्रत्येक औषधापुढं ते कधी आणि कशासाठी सुरू झालं हे कागदावर लिहिलं आणि तो कागद घेऊन आम्ही सोलापूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी कागद वाचला, तात्यांना चालवलं, मनगट फिरवून पाहिलं, वास येतो का विचारलं. खरा कंपवात बहुधा एका बाजूनं सुरू होतो आणि वास आधीच गेलेला असतो. तात्यांच्या दोन्ही बाजू सारख्या ताठ होत्या आणि फोडणीचा वास अंगणातून कळत होता. पण या खुणा दगा देतात, असंही त्यांनीच सांगितलं. पक्कं बघायचं तर ट्रोडॅट नावाचं स्कॅन आहे, ते विहीर भरलीय का ते दाखवतं. ते पुण्या-मुंबईला. त्यांचं म्हणणं, आधी कॅप्सूल थांबवू, वाट बघू.

कॅप्सूल पहिल्या दिवशी बंद. बाकीची औषधं एकेक करून, पायरीपायरीनं उतरवली. भ्रम आधी गेला, ट्रायहेक्सिफेनिडिल सुटल्यावर लवकरच. ताठरपणाला वेळ लागला. पोळ्याला चेहरा हलायला लागला, काकूवर ओरडले तेव्हा सगळं घर खूश. दिवाळीत बटणं स्वतः लावली. सहा महिने धरून चालावं, कधी वर्ष-दीड वर्षही लागतं. कोरियातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये लेव्होसल्पिराइडच्या रुग्णांवर लिहिलं, त्यात बऱ्याच जणांची लक्षणं औषध थांबवूनही पूर्ण गेली नव्हती.

तात्यांचा उजवा अंगठा अजून कापतो. डॉक्टर म्हणतात, कदाचित खरा आजार मुळात बारीक होता आणि कॅप्सूलनं तो वेळेआधी उघडा पाडला. कदाचित हा नुसता उरलेला अंश असेल. दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरलंय. मला सरळ उत्तर आवडलं असतं.

११. पिशवी सगळी न्या.

बार्शीचा हाडाचा डॉक्टर, लातूरचा हृदयाचा, अंबाजोगाईचा डोळ्यांचा, गावातला तापाचा. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते. म्हणून फाइल नेऊ नका, गोळ्या न्या: चालू, बंद, पुड्या, डोळ्यांचे थेंब, पाठीला लावायचा मलम, शेजारणीनं दिलेली "लई भारी" गोळी. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायकांना भारतवैद्य म्हणून तयार केलं, आता आशाताई आहेत. घरात शिरून फळीवरचा डबा बघू शकणारी हीच माणसं. त्यांना लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन एवढी चार नावं पाठ करून दिली तरी पुष्कळ झालं.

१२. कळवा.

औषधाचा त्रास झाला तर तो नोंदवायची सोय देशात आहे, हे दवाखान्यांतही पुष्कळांना ठाऊक नसतं. २०१० साली भारताचा औषधसुरक्षा निरीक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा कारभार गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालतो. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. डॉक्टरच लागतो असं नाही, रुग्णाच्या घरचा माणूसही कळवू शकतो. औषध, डोस, कधी सुरू, त्रास कधी, थांबवल्यावर काय झालं, एवढंच विचारतात. आमच्या धंद्यातले मित्र म्हणतात, कशाला झेंगट मागं लावून घेतोस, कंपनीचा माणूस उद्या दुकानात येईल. आला तर येऊ दे. तात्यांचा फॉर्म मी येळवस, संक्रांत आणि चैत्राच्या तारखा पंचांगातून काढून भरला.